डाव्या हाताची थैली

आरमोरीहून जंगलाकडे निघालेली डांबरी सडक संपते आणि मुरमाची वाट लागते, तिथल्या एका गावात कुणाचं लेकरू डाव्या हातानं घास उचलू लागलं की घरची म्हातारी माणसं एवढंच म्हणत, "कुंताकडे घालून पाहा." मग आई लेकराला कडेवर घेऊन अंगणवाडीची वाट धरी.

कुंताबाई त्या अंगणवाडीची मदतनीस. सत्तावन्न वर्षांची, शिडशिडीत, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की मांडवात शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही माईकशिवाय ऐकू जावा. झाडणं, पाणी भरणं, खिचडी रांधणं, घरोघरी जाऊन लेकरं गोळा करून आणणं ही तिची नेमून दिलेली कामं. हात वळवणं हे मात्र तिनं आपल्या खुशीनं अंगावर घेतलेलं. त्याची तिची एक रीत होती. जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाची, तळहाताएवढी थैली ती शिवायची. जेवायच्या वेळी लेकराचा डावा हात त्या थैलीत, मनगटाशी सैलसर नाडी. उजव्या मनगटात तीन घुंगरं ओवलेली दोरी. उजवा हात ताटाकडे गेला की घुंगरं वाजायची. मग कुंताबाई समोर मांडी घालून बसे आणि डोळे मोठे करून, मान डोलावत म्हणे:

"उजवा राजा जेवाले आला,
डावा भाऊ झोपी गेला."

लेकरं खुदकन हसत आणि घुंगरू वाजवायच्या नादात दोन घास जास्त खात. महिन्या-दीड महिन्यात थैली सुटायची. मारझोड नाही, चटका नाही, बोटांना तिखट लावणं नाही. शेजारच्या दोन-तीन गावांतल्या आयाही तिच्याकडे लेकरं आणीत. कुंताबाईला त्याचा अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नाही.

लपवलं होतं ते एवढंच, की ती स्वतः डावखुरी होती.

तिच्या लहानपणी थैली नव्हती, घुंगरू नव्हतं. मोहफुलांच्या दिवसांत मामीनं तिचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधला, तो मिरगाचा पाऊस येईपर्यंत तसाच. मोहफुलं वेचायची उजव्यानं, जेवायचं उजव्यानं, मुंगळा चावला तर खाजवायचंही उजव्यानंच. शाळेत तिची अक्षरं वाऱ्यानं लोळलेल्या धानासारखी आडवी पडत. मास्तर वैतागले, चौथीत शाळा सुटली. एवढं करून हात पुरता वळला नव्हताच. धानाच्या रोवण्याला बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, बायांची ओळ लागली की चिखलात कोण पाहतं म्हणून ती डाव्या हातानं पऱ्हे, धानाची रोपं, खोवायची. मग शेजारणीच्या कोपराला कोपर लागे, शेजारीण शिवी हासडे, आणि कुंता मुकाट्यानं ओळीच्या टोकाला जाऊन उभी राही.

सोळाव्या वर्षी दूरच्या गावी लग्न झालं. सासरच्या पहिल्या पंगतीत नव्या सुनेनं भात वाढायचा असतो. ढोल वाजत होते, बाया मागून "वाढ वाढ" म्हणत होत्या, आणि त्या गडबडीत तिचा डावा हात पुढे गेला. सासऱ्यानं हात मागे घेतला. पुढ्यातली पत्रावळ बोटभर पुढे सरकवली आणि तो उठला. त्याच्यामागून अख्खी ओळ उठली. पळसाच्या पत्रावळीचा आवाज तो केवढा असणार, पण कुंताच्या कानांत तो चाळीस वर्षं राहिला. नवरा सुकलू भला माणूस, त्यानं मरेपर्यंत त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. तिनं मात्र त्या दिवसापासून चारचौघांत डावा हात पदराबाहेर काढला नाही. पुढे सुकलूसोबत लहानपणीच्या या गावी परत येऊन अंगणवाडीत लागल्यावर पहिलं डावखुरं लेकरू समोर आलं, तेव्हा तिला दिसली ती पंगत. या पोरीवर अशी वेळ यायला नको, एवढ्याच मायेनं तिनं पहिली थैली शिवली होती.

या माघात एकाच आठवड्यात तिच्याकडे दोघीजणी आल्या.

एक आली ललिता. तलावावर मासे धरणाऱ्या घरची सून. तिची पायल साडेतीन वर्षांची, दिवसभर बडबडणारी, काडी सापडली तर मातीत माशाची रांग काढत बसणारी, आणि सगळं डाव्या हातानं. ललिता म्हणाली की सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, उठता-बसता बोलतात. पोरगी उद्या लोकाच्या घरी गेली तर नाव मायचंच निघणार. कुंताबाईनं पायलची हनुवटी धरून पाहिली आणि होळीपर्यंत थांब म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी थैली बांधली.

दुसरी आली दिव्या. नागपूरच्या विद्यापीठातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पायांत मोठाले बूट, गळ्यात दुर्बीण. तलावाच्या पाळीवर चिंचा आणि पळस होते. तिथे काळ्या तोंडाच्या वानरांचा एक कळप असे. त्यातलं कोणतं वानर कोणत्या हातानं पाला ओरबाडतं, शेंग तोडतं, हे तिला महिनाभर टिपायचं होतं. वाघाच्या भीतीनं तिकडे एकट्यानं जायची सोय नव्हती, आणि एकाच वेळी दोन झाडांकडे पाहायचं तर चार डोळे हवे होते. सरपंचानं कुंताबाईचं नाव सांगितलं. अंगणवाडी सुटली की दुपार तिची मोकळीच असे.

"एवढं शिकून वांदराचे हात पाहाले आली तू?" कुंताबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

दिव्या हसली. तिनं समजावलं की जगात कुठेही जा, दहातली नऊ माणसं उजव्या हाताची निघतात. गोरी असोत, काळी असोत, जंगलातली असोत की शहरातली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात आणि दगडी हत्यारं सापडली आहेत. त्यांवरच्या ओरखड्यांवरूनही तेच दिसतं. माणसात हे कुठून आलं, हे कळायचं तर आपल्या नात्यातल्या जनावरांकडे पाहावं लागतं. म्हणून वानरं. कुंताबाईला त्यातलं नात्याचं तेवढं पटलं. तिनं चौकटींचा कागद गुडघ्यावर घेतला. उजव्या हातानं तोडलं तर 'उ', डाव्यानं तर 'डा'. वानर तोंड आपल्याकडे करून बसलं असेल तर त्याचा उजवा आपल्या डाव्या बाजूला येतो, हेही दिव्यानं तिला दोनदा दाखवलं.

चार दिवसांत कुंताबाईनं सगळ्या कळपाचं बारसं करून टाकलं. छातीशी पिल्लू धरून फिरणारी ती मोठी माय. कान फाटलेली ती म्हातारी. आणि एक माजलेला नर होता, त्यानं तिच्या परसातली वांग्याची झाडं मुळासकट उपटली होती; त्याचं नाव तिनं ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहाव्या दिवशी दिव्यानं तिचे कागद आपल्या व्हिडिओशी ताडून पाहिले आणि ती चक्रावली. कुंताबाईच्या कागदावर अख्खा कळप उजव्या हाताचा होता. मोठी माय, म्हातारी, तान्ही पिल्लंसुद्धा. पानंच्या पानं 'उ'. 'डा' होता फक्त एकट्या वांगेचोराच्या नावापुढे. आणि व्हिडिओत तो गडी दरवेळी उजव्या हातानंच शेंगा तोडत होता.

दिव्याला वाटलं, समोरून पाहण्यात बाईचा घोळ झाला. तिनं कुंताबाईसमोर तोंड करून बसून हात वर केले आणि कोणता कोणता ते विचारलं. कुंताबाईनं एकदाही चूक केली नाही. मग दिव्यानं मोठ्या मायचा व्हिडिओ लावून मोबाइल तिच्यापुढे धरला. वानरी उजव्या हातानं फांदी धरून, डाव्या हातानं पळसाची फुलं तोडून तोंडात घालत होती. एक फूल, दुसरं फूल, तिसरं.

"ही डावी आहे ना कुंताबाई?"

"हाये."

"मग उजवी काऊन लिहिली?"

कुंताबाईनं तलावाकडे तोंड फिरवलं. खोटं बोलताना पकडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो; दुसऱ्याची लाज झाकताना पकडलेल्या माणसाचा होता.

"हे कागद कुठी जाते, मले काय मालूम?" ती म्हणाली. "तिच्या पोटाशी लेकरू हाये. डावी म्हणून लिहून देऊ, न् उद्या चार लोकायनं वाचलं तं? जनावर झालं म्हणून काय, मायच हाय ते."

"आणि तो नर?"

"त्यानं माये वांगे खाल्ले."

दिव्याला हसू आलं होतं, पण समोरचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं. रागावली तर नाहीच. दहा दिवसांचे कागद तिनं बाजूला ठेवले आणि आपल्या व्हिडिओवरून काय निघालं ते वाचून दाखवलं. एकवीस वानरांत नऊ डावी, आठ उजवी, आणि चौघांचं काही ठरलेलं नाही, जो हात मोकळा तो पुढे. एकेका जनावराची आपली आवड असते, पण सगळ्या कळपाची मिळून एक बाजू नसते. तशी एक बाजू माणसातच इतकी ठसठशीत दिसते. काही मोठ्या वानरांत, चिंपांझींत, थोडा कल उजवीकडे आहे असं काही अभ्यासक म्हणतात, काही नाही म्हणतात. हत्यारं वापरल्यामुळे झालं की बोलायला लागल्यामुळे, त्यावर अजून वाद आहे. "खरं सांगू का, पक्कं कुणालाच माहीत नाही."

कुंताबाईचं लक्ष वादाकडे नव्हतं. ती त्या नऊ डाव्यांपाशी थांबली होती.

"नऊ डाव्या," ती म्हणाली. "न् त्यायले कोणी काई म्हणत नाई?"

"नाही. कोण म्हणणार?"

"हे पिल्लू मायचं पाहून शिकते काय?"

दिव्यानं नाही म्हणून मान हलवली. मोठी माय डावी आणि तिचं पिल्लू बहुतेक उजवं. मग तिनं माणसाच्या बाळाचं सांगितलं. पोटात असतानाच बाळ एखाद्या हाताचा अंगठा जास्त चोखतं, सोनोग्राफीत ते दिसतं. जन्मल्यावर काही महिने हात बदलत राहतो, आज हा, उद्या तो. दोन-तीन-चार वर्षांचं होईपर्यंत बहुतेकांचा पक्का होतो. थोडं रक्तातून येतं, थोडं कशातून येतं ते कळलेलं नाही. कुणाच्या पापानं येत नाही.

कुंताबाईनं मग जरा आडवळणानं विचारलं, की समजा कोणी बांधून, शिकवून हात वळवला, तर?

"शिकवलेलं काम करतो हात," दिव्या म्हणाली. "जेवतो, लिहितो. पण आवड आतल्या आत राहते बहुतेक. म्हातारपणापर्यंत."

त्या दुपारपासून कुंताबाईनं कागदावर जे दिसलं तेच लिहिलं. मोठ्या मायपुढे 'डा' लिहिताना तिनं आधी पदरानं तोंड पुसलं, मग लिहिलं. वांगेचोराला 'उ' द्यावा लागला, तेव्हा मात्र ती त्याच्याकडे पाहून मोठ्यानं काहीतरी बोलली आणि तो दोन फांद्या वर गेला.

पण अंगणवाडीत पायलचा हात थैलीतच होता.

आता तो तिला बघवेना. सोडावा, तर ललितानं विश्वासानं सोपवलेली पोर. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. गाव विचारणार, इतकी वर्षं आमच्या लेकरांचे हात वळवले, मग आताच काय झालं? मग आपलं खरं सांगावं लागणार. आणि लेकरांची खिचडी रांधणारी, ताटात वाढणारी बाईच डावी म्हटल्यावर एखादी सासू उठून म्हणेल, नको तिच्या हातचं. ती पत्रावळ पुन्हा एकदा सरकेल, आणि या खेपेला तिच्यासमोर बसलेली असतील तीन-तीन वर्षांची लेकरं. चार दिवस ती रोज सकाळी थैली धुवायची आणि रोज दुपारी पुन्हा बांधायची.

पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की पायल बडबडत नाही. घुंगरूही वाजत नाही. पोर ताटासमोर बसते आणि खिचडी गार होईपर्यंत बसूनच राहते, ना रडते ना मागते. गाणं म्हणून पाहिलं. पायलनं शहाण्या माणसासारखं तिच्याकडे पाहिलं. मातीतले मासेही बंद झाले होते.

कुंताबाईनं नाडी सोडली. थैली काढून पोलक्यात खोचली. "खा माय," ती म्हणाली. "तुले वाटते त्या हातानं खा."

पायलनं तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि मोकळा झालेला डावा हात हळूच मांडीखाली सरकवून त्याच्यावर बसली.

 हे कुंताबाईनं शिकवलं नव्हतं. हात लपवायचं कुणी शिकवत नाही. ते ज्याचं त्यालाच येतं, आणि ते तिला जितकं आलं होतं तितकं गावात कुणाला आलं नव्हतं. ती उठली, आपलं ताट आणलं, खिचडी घेतली आणि पायलच्या समोर बसली. पदराखालून डावा हात काढला. पहिला घास ओठांपर्यंत नेताना तो हात नव्या सुनेसारखा लाजला. दुसरा घास सरळ गेला. सगळी लेकरं बघत राहिली. अंगणवाडी चालवणाऱ्या सेविकाबाई रजिस्टरवरून मान वर करून पाहत होत्या. तिसऱ्या-चौथ्या घासाला पायलनं मांडीखालचा हात काढला.

आणि नेमकी तेव्हाच ललिता पोरीला न्यायला दारात उभी राहिली.

ती तिथे भांडली नाही. पायलचा तोच हात धरून तिला उठवलं, तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "कुंताबाई, मी तुमाले काय सांगितलं होतं, न् तुमी काय शिकवून राह्यल्या?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पायल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, आणि शेजारच्या घरातली दोन लेकरंही नाहीत. सेविकाबाई चांगल्या होत्या, पण त्यांनीही हळू आवाजात सुचवलं की पटावरची लेकरं कमी झाली तर वरून विचारणा होईल. काय करायचं ते लवकर करा.

कुंताबाईनं पायात चपला घातल्या आणि ती तलावाकडे निघाली.

ललिताचं घर पाळीच्या उताराला. अंगणात जाळं वाळत घातलेलं, रुखमाबाई पाटावर बसून रोहू कापत होती. सत्तरीची बाई, पण विळीवर हात असा की खवला अंगणाबाहेर उडावा. कुंताबाईला पाहून तिनं कापणं थांबवलं नाही.

"ये कुंता. आता आमालेबी वळवाले आली काय?"

"जेवाले आली," कुंताबाई म्हणाली. "भूक लागली."

दारात आलेल्या आणि भूक लागली म्हणणाऱ्या माणसाला त्या घरानं कधी परत धाडलं नव्हतं. रुखमाबाईनं सुनेला हाक मारली. ललितानं भात आणि माशाचा रस्सा आणून ठेवला. पायल तिच्या लुगड्याला धरून दाराआड उभी होती.

कुंताबाईनं हात धुतले. मग दोघींच्या देखत डावा हात पुढे केला आणि भात कालवला. रुखमाबाईची विळी थांबली.

"तूबी?"

"जन्मापासून," कुंताबाई म्हणाली, आणि मग थांबली नाही. कमरेला बांधलेला हात सांगितला, ओळीचं टोक सांगितलं, पंगत सांगितली. तिचा तो मांडवभर जाणारा आवाज त्या दिवशी अंगणापुरताच होता. "लेकरायवर तशी पाळी येऊ नाई म्हणून म्या त्या थैल्या शिवल्या रुखमाबाई. आता या पोरीनं बोलनं सोडलं. हात वळन तिचा, म्या लय वळवले. पण ते हातावर बसून राह्यली. अजून एक कुंता करून काय करता?"

रुखमाबाईनं विळीवरचा मासा बाजूला ठेवला. सासू होऊन तिला सहाच वर्षं झाली होती; त्याआधी तीही रोवण्याच्या ओळीतलीच. ओळीच्या टोकाला उभी राहणारी कुंता तिनं रोवण्यात स्वतः पाहिली होती. कोपर लागलं म्हणून शिवी हासडणाऱ्यांत ती होतीच.

"मांडवात काय करन हे?" तिनं विचारलं. "लोक तं तेच हायेत."

"वाढाले मी शिकवीन तिले उजव्यानं. प्रसाद घ्याले शिकवीन. एवढं येते शिकवता. पण खाऊ द्या, लिहू द्या, मासे काढू द्या तिच्या हातानं. तिचा हाय तो."

ललिता चौकटीला टेकून ऐकत होती. "न् लोक म्हनन तं?" ती म्हणाली, पण तिचा आवाज तीन दिवसांपूर्वीचा नव्हता.

"मंग त्यायले म्हन, कुंताबाईच तशी हाये. पयले माया नावानं बोटं मोडतीन, मग तुया. मले सवय हाये."

रुखमाबाईला हसू फुटलं. तिनं ते खाकरून झाकलं. "काई सवय नाई तुले," ती म्हणाली. "चाळीस वर्सं पदरात घालून बसली होती तू."

 कुंताबाई खाली पाहून जेवत राहिली. दाराआडून पायल एक-एक पाऊल पुढे येत होती. ताटाशी येऊन ती उकिडवी बसली, कुंताबाईच्या बोटांकडे निरखून पाहिलं, आणि मग तिच्या ताटातला माशाचा तुकडा उचलला. उचलला तो अर्थातच डाव्या हातानं. ललिता पुढे व्हायला निघाली होती, ती सासूकडे पाहून थांबली.

रुखमाबाईनं नात पाहिली, नातीचा हात पाहिला, आणि पुन्हा विळीवर वाकली.

"काटे हायेत त्याच्यात," ती म्हणाली. "पाहून खा."